सरकारी पैशाच्या नेटवर्कवर धंदा: नियम कशासाठी, आणि मुलांनी जायचं कुठे

आलेला प्रश्न थोडक्यात असा. वडोद्यातल्या एका अनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात राष्ट्रीय ज्ञान नेटवर्कची, म्हणजे एनकेएनची, जोडणी आहे; शिक्षण आणि संशोधन संस्थांना जोडणारं हे केंद्र सरकारच्या पैशाचं वेगवान नेटवर्क. शेवटच्या वर्षाच्या तिघा मुलांनी रावपुरा-मांडवीकडच्या फरसाणवाल्यांसाठी ऑर्डर घेणारं अॅप प्रकल्प म्हणून बनवलं. सर्व्हर प्रयोगशाळेत ठेवला. अॅप चाललं, दुकानदार महिन्याला पैसे देऊ लागले, आणि प्राचार्यांनी सर्व्हर बंद करायला सांगितलं. मार्गदर्शक प्राध्यापक विचारतात: लाइन रात्रभर रिकामी असते, पैसा जनतेचा आहे, मुलंही जनतेतलीच आहेत, मग अडचण कुठे आली? आणि आता आम्ही करायचं काय?

सर, प्राचार्यांचा निर्णय बरोबर आहे. पण नुसतं "बंद करा" म्हणणं हा अर्धाच निर्णय झाला. माझी नोकरीतली बहुतेक वर्षं विद्यापीठाच्या संगणक केंद्रात गेली, कॅम्पसचे राउटर आणि त्यांच्याविषयीच्या तक्रारी दोन्ही सांभाळण्यात. त्यावरून बनलेलं माझं मत आधीच सांगते. सार्वजनिक पैशाच्या नेटवर्कवर धंद्याला बंदी असावी. पण ती न्याय्य तेव्हाच ठरते, जेव्हा शेजारीच धंद्यासाठी दुसरी वाट उघडी असते. वाट ठेवून घातलेली बंदी कशी असते आणि वाट न ठेवता घातलेली कशी असते, हे दोन्ही घडून गेलेलं आहे. पहिलं अमेरिकेत, दुसरं आपल्याकडे.

आधी अमेरिकेतलं, कारण आपल्या बहुतेक नियमांचा साचा तिथूनच आला. अर्पानेट, म्हणजे इंटरनेटचं पूर्वरूप, 1969 पासून संरक्षण खात्याच्या पैशावर चालत होतं. 3 मे 1978 रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या विक्री विभागातल्या गॅरी थुर्क यांनी आपल्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण अर्पानेटवरच्या सुमारे 400 जणांना एकदम पाठवलं. नेटवर्क सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेने तात्काळ कडक समज दिली: हे नेटवर्क सरकारी कामासाठी आहे, जाहिरातीसाठी नाही. आता बघा, त्या संगणकांमध्ये अर्पानेटला जोडायची सोय होती. म्हणजे ज्यांना पत्र गेलं त्यांच्यातल्या काहींना ती माहिती कामाचीच होती. माहिती कुठे संपते आणि जाहिरात कुठे सुरू होते, हा वाद तिथून सुरू झाला. तुमच्या मुलांचा वादही त्याच जातीचा आहे.

या प्रश्नाचं नीट लिहिलेलं उत्तर पुढे एनएसएफनेटच्या वापर धोरणात मिळतं. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने 1986 मध्ये सुपरकॉम्प्युटर केंद्रं जोडण्यासाठी हे नेटवर्क उभं केलं. त्या वेळी त्याच्या कण्याचा, म्हणजे बाकीची नेटवर्कं ज्याला जोडली जातात त्या मुख्य लाइनचा, वेग सेकंदाला 56 किलोबिट होता. 1988 मध्ये मिशिगनच्या मेरिट या विद्यापीठांच्या संस्थेने आयबीएम आणि एमसीआयला बरोबर घेऊन तो 1.5 मेगाबिटवर नेला, आणि त्यानंतर काही वर्षांत 45 मेगाबिटवर. धोरणाचं पहिलंच वाक्य साधं होतं: हा कणा खुल्या संशोधनासाठी आणि शिक्षणासाठी आहे. पण खालची कलमं वाचली की कळतं, लिहिणारे व्यवहारी लोक होते. नफा कमावणाऱ्या कंपनीचा संशोधन विभाग खुल्या संशोधनात भाग घेत असेल तर त्याला मुभा होती. संशोधनाला किंवा शिकवण्याला उपयोगी पडणाऱ्या नव्या वस्तूची माहिती देता येत होती, जाहिरात मात्र करता येत नव्हती. संशोधनाचं अनुदान किंवा करार मिळवण्यासाठी आणि सांभाळण्यासाठी लागणारा पत्रव्यवहार चालत होता. मनाई होती ती नफ्याच्या कामाला आणि खासगी कामासाठी मोठ्या प्रमाणावर होणाऱ्या वापराला. कोणी त्यावरून घरी चार ओळी पाठवल्या तर त्याच्या मागे लागायची कोणाची इच्छा नव्हती.

माझ्या दृष्टीने यातला गाभा असा की नियम माणसाकडे बघत नव्हता, हेतूकडे बघत होता. कंपनीतला शास्त्रज्ञ आत येऊ शकत होता. उलट विद्यापीठातला प्राध्यापक स्वतःची कंपनी चालवायला तेच नेटवर्क वापरू लागला, तर तो नियमाबाहेर जात होता. आपल्याकडे बहुतेक संस्था याच्या नेमकं उलट करतात. "आपला माणूस आहे ना, मग चालेल" किंवा "कंपनीवाला आहे, मग नको". तुमच्या प्रकरणात मुलं आपली आहेत हा मुद्दा म्हणूनच टिकत नाही. पहिल्या दिवशी तो प्रकल्प होता, शिक्षण होतं. दुकानदाराने पहिला हप्ता दिला त्या दिवशी हेतू बदलला. यंत्र तेच, मुलं तीच, कोडही तोच.

हा नियम राबवला कसा जायचा, हेही सांगते, कारण आज तुमच्या कामाला तेच येणार आहे. नेटवर्कवरून माहिती छोट्या तुकड्यांत जाते, त्यांना पाकिटं म्हणतात; पाकीट उघडून आत धंदा आहे की संशोधन, हे कोणी पाहत नव्हतं. ते शक्यही नव्हतं. मेरिटकडे जोडलेल्या प्रत्येक नेटवर्कची नोंद असायची. ज्याची नोंद झाली, त्याचाच मार्ग कण्यावरून जाहीर व्हायचा. कंपनी एखाद्या प्रादेशिक नेटवर्कला जोडून घेऊ शकत होती, त्या प्रदेशापुरता हवा तो व्यवहार करू शकत होती. प्रादेशिक नेटवर्कचे नियम त्याचे त्याचे वेगळे असत. कणा ओलांडायचा असेल तेव्हाच कण्याचा नियम लागू व्हायचा. म्हणजे बंदी प्रत्यक्षात राउटिंगच्या, पाकिटांनी कुठल्या मार्गाने जायचं ते ठरवण्याच्या, पातळीवर होती.

आणि तिथेच ती फुटली, चांगल्या अर्थाने. प्रादेशिक नेटवर्कांकडे पैसे द्यायला तयार असलेले ग्राहक जमा झाले, त्यांना देशाच्या दुसऱ्या टोकाशी बोलायचं होतं आणि सरकारी कणा त्यांना चालणार नव्हता. मग खासगी कणे उभे राहिले. यूयूनेट, पीएसआयनेट आणि सर्फनेट या तीन नेटवर्कांनी 1991 मध्ये कमर्शियल इंटरनेट एक्स्चेंज काढलं. अट एवढीच की एकमेकांची वाहतूक बिनशर्त न्यायची आणि पाकिटांचा हिशेब मांडत बसायचं नाही. सरकारने खासगी वाहतूक स्वतःच्या लाइनवर घेतली असती, तर हे तिघं कशाला एवढा खर्च करते? पैसे देणारा ग्राहक बाहेर उरला, म्हणून त्यांना बाजार दिसला. लीज्ड लाइन भाड्याने घेऊन नेटवर्क उभारायला तिथे कायद्याची आडकाठी नव्हती, हे त्याहून महत्त्वाचं.

सगळं गोडीगुलाबीने झालं असं नाही. मेरिट, आयबीएम आणि एमसीआय यांनी 1990 मध्ये एएनएस नावाची ना-नफा संस्था काढली आणि पुढच्या वर्षी तिची नफा कमावणारी शाखा. सरकारचं संशोधनाचं काम आणि पैसे देणाऱ्या कंपन्यांची वाहतूक आता एकाच संचावरून जाऊ लागली. बाकीचे प्रतिस्पर्धी चिडले. त्यांचं म्हणणं, सरकारी पैशाने बांधलेल्या कण्यावर एकाच कंपनीला दुकान मांडू दिलंत, आमच्याशी ही बरोबरीची स्पर्धा झाली का? मार्च 1992 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. अध्यक्ष होते व्हर्जिनियाचे रिक बाउचर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन फाउंडेशनला मुभा मिळाली की संशोधन-शिक्षणाबरोबर इतर वापर झाल्याने नेटवर्कची एकूण क्षमता वाढत असेल, तर तेही चालेल. पण फाउंडेशनने धंद्याला आपल्या कण्यावर कायमचं बसवण्यापेक्षा स्वतःच त्यातून बाहेर पडायचं ठरवलं. 30 एप्रिल 1995 रोजी तो कणा बंद झाला आणि वाहतूक खासगी कंपन्यांच्या कण्यांवर गेली. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. अनुदानाचा हेतू पूर्ण झाल्यावर सरकारने हात काढून घेतला.

आता आपल्याकडे. शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या अर्नेटची सुरुवात 1986 मध्ये झाली. केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची मदत, आणि आठ संस्था: त्या वेळचे पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचं एनसीएसटी हे सॉफ्टवेअर संशोधन केंद्र आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग. माणसं थोडी, साधनं तुटपुंजी, पण काम इतकं भक्कम की या देशात टीसीपी-आयपी, म्हणजे इंटरनेट ज्या नियमांवर चालतं ते, चालवणारी पहिली पिढी तिथेच तयार झाली. वापर अर्थातच शिक्षण आणि संशोधनापुरता. तिकडे सरकारी कार्यालयांसाठी एनआयसी या सरकारी संगणक संस्थेचं निकनेट होतं. दोन्ही सार्वजनिक पैशाची, दोन्हीकडे धंद्याला दार बंद.

फरक असा की बाहेर दुसरं दार नव्हतं. 1885 च्या तार कायद्याने तार यंत्रणा चालवण्याचा हक्क केंद्र सरकारकडे राखून ठेवलेला होता, परवाना दिला तरच दुसऱ्याला. परदेशी दळणवळण एकट्या विदेश संचार निगमकडे. मोठ्या कंपन्यांनी आपापला उपग्रह दुवा मिळवला. 1991 नंतर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कमुळे निर्यातदारांची थोडी सोय झाली. पण मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखानदाराला जर्मनीच्या ग्राहकाला ड्रॉइंग मेलने पाठवायचं असतं, तर त्याने काय करायचं होतं? विद्यापीठात ओळख काढायची, एवढंच. लोक तसं करतही होते, आणि देणारे-घेणारे दोघंही चोरट्यासारखे वागत होते. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेही महानगरांतून. पहिल्या यादीत वडोद्याचं नाव नव्हतं. खासगी कंपन्यांना मुभा मिळाली ती नोव्हेंबर 1998 च्या धोरणाने. एकच कलम, "धंद्याला बंदी", अमेरिकेत बाजार उभा करून गेलं आणि आपल्याकडे इतकी वर्षं छोट्या उद्योजकाला नुसतं दाराबाहेर उभं करून गेलं. याचा दोष अर्नेट चालवणाऱ्यांकडे जात नाही. दुसरी वाट देणं त्यांच्या हातातच नव्हतं.

आज परिस्थिती बदललेली आहे, म्हणून तुमच्या प्राचार्यांच्या बाजूने मी उभी राहते. डांडिया बाजारातल्या गल्लीतसुद्धा दोन-तीन कंपन्यांची फायबर खांबावरून जाते. क्लाउडवर छोटा सर्व्हर महिन्याच्या काही शे रुपयांत मिळतो. वाट उघडी आहे. तरीही सार्वजनिक लाइनच हवी असेल तर त्याला कारण फक्त फुकटपणा उरतो. आणि त्या फुकटपणाची किंमत कोण मोजतं ते बघू.

पहिली किंमत अशी की जिच्याविषयी बाहेरच्यांना कल्पनाही नसते. संस्थेला जर्नल्स देताना प्रकाशक ती संस्था आयपी पत्त्यावरून, म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्राच्या क्रमांकावरून, ओळखतात. तुमच्या संस्थेच्या पत्त्यांच्या पट्ट्यातून कोणी आलं की दार आपोआप उघडतं, पासवर्ड लागत नाही. विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठीचं गांधीनगरचं केंद्र इन्फ्लिबनेट हे काम कित्येक वर्षं सांभाळतं आहे आणि आता "एक राष्ट्र, एक सदस्यता" योजनाही तेच चालवतं; त्यासाठी केंद्राने 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये ठेवले आहेत. या करारांत वापर शैक्षणिक आणि बिगर-व्यापारी असावा अशी अट असते. आता तुमच्या पट्ट्यातल्या एका पत्त्यावर कंपनी बसली, तिने एखाद्या ग्राहकासाठी लेख भराभर उतरवले, की प्रकाशकाची यंत्रणा काय करते? त्या एका यंत्राला शोधत बसत नाही, सगळा पट्टाच बंद करते. असं झालेलं मी एका संस्थेत जवळून पाहिलं आहे. पीएचडीची मुलगी प्रबंध जमा करायच्या आठवड्यात ग्रंथालयात उभी, पडद्यावर "तुमच्या संस्थेचा प्रवेश स्थगित", आणि ग्रंथपालबाई प्रकाशकाला चौथी मेल लिहीत बसलेल्या. ज्याच्यामुळे हे झालं तो मनुष्य त्या मुलीला ओळखतही नव्हता.

दुसरी किंमत मेलची. अॅप चालू झालं की दुकानदारांच्या गिऱ्हाइकांना मेल जाणारच: ऑर्डर मिळाली, दिवाळीची सवलत, वगैरे. त्यांतल्या काही जणांनी "स्पॅम" बटण दाबलं की तो पत्ता काळ्या यादीत जातो, आणि कधी शेजारचे पत्तेही. मग प्रवेशाची पत्रं पालकांच्या स्पॅममध्ये पडतात. आमच्या केंद्रात अशी तक्रार आली की पहिलं काम ठरलेलं: फायरवॉलचा लॉग उघडायचा, मेल ज्यावरून जाते त्या 25 क्रमांकाच्या पोर्टवरून बाहेर काय जातंय ते बघायचं, मग स्विचवर त्या यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक, कुठल्या खाचेला दिसतो ते शोधायचं आणि वायरच्या मागे मागे चालत जायचं. शेवटी एखाद्या विभागात टेबलाखाली एक जुनं सीपीयू सापडतं. पंख्यावर धुळीचा थर, समोर सेलोटेपने चिकटवलेला कागद, "बंद करू नये", आणि कोणी चिकटवला ते कोणालाच माहीत नसतं.

तिसरी जबाबदारीची. सायबर सुरक्षेची सरकारी संस्था सर्ट-इन हिच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस ठेवावे लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते. फरसाणवाल्याच्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर आणि घरचे पत्ते तुमच्या प्रयोगशाळेतून चोरीला गेले, तर विचारणा कोणाला होईल? आयपी पत्ता संस्थेच्या नावावर, तेव्हा संस्थेला. मुलं तोवर पास होऊन पुण्याला किंवा बंगळूरला गेलेली असतील.

रिकाम्या लाइनबद्दल. हा युक्तिवाद ऐकायला बरोबर वाटतो आणि एकट्या रात्रीपुरता खराही असतो. पण संशोधनाची वाहतूक उसळीने येते. जिनोमचे, उपग्रहचित्रांचे, हवामानाचे मोठे संच लोक मुद्दाम रात्री उतरवायला लावतात, बॅकअप रात्रीच चालतात. केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च 2010 मध्ये एनकेएनसाठी 5,990 कोटी रुपये मंजूर केले ते सरासरी वापर बघून नव्हेत, गरज पडेल तेव्हा मोकळी लाइन मिळावी म्हणून. शिवाय रिकामी जागा भाड्याने द्यायची म्हटलं तर कायदा आडवा येतो. दुसऱ्याला इंटरनेट पुरवून पैसे घेणं हे परवान्याचं काम आहे. पूर्वी तार कायद्याखाली होतं, आता 2023 च्या दूरसंचार कायद्याची व्यवस्था आली आहे. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत चहाच्या टपरीवालासुद्धा परवान्याशिवाय वायफाय विकू शकतो, हे खरं. पण त्यासाठी त्याने स्वतःच्या पैशाने जोडणी विकत घ्यायची आणि नोंदणी झालेल्या अॅग्रीगेटरमार्फत चालवायचं. अनुदानाची लाइन त्यात ओतायची नाही.

आणि शेवटी बरोबरीचा मुद्दा. प्रतापनगरला खोली भाड्याने घेऊन, स्वतःच्या खिशातून फायबर आणि क्लाउडचं बिल भरून असंच अॅप चालवणारी दुसरी तीन मुलं असतील. त्यांना कुठलं महाविद्यालय नाही. तुमच्या मुलांचं बिल करदात्याने भरायचं आणि यांच्याशी स्पर्धा लावायची, हे मला पटत नाही. एएनएसच्या वेळी अमेरिकेतल्या कंपन्यांची तक्रार हीच होती.

आपल्या बडोद्यात हे भान जुनं आहे. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम शिकवायला राज्याचा पैसा गेला आणि तो योग्यच गेला. आज त्याच वास्तूत विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा आहे. पण शिकलेल्या माणसाने दुकान काढायचं तर त्याला भांडवल कुठून, याचा विचार महाराजांनी वेगळा केला आणि 1908 मध्ये त्यांच्या आश्रयाने बँक ऑफ बडोदा उभी राहिली. शिक्षणाची तिजोरी एक, व्यापाराची दुसरी. दोन्ही केलं, मिसळलं नाही. तुमच्या प्राचार्यांना फक्त पहिली अर्धी गोष्ट आठवली.

मधल्या गोष्टींबद्दल माझा कौल विचाराल, तर सांगते. वसतिगृहातल्या मुलाने कॉलेजच्या वायफायवरून रेल्वेचं तिकीट काढलं, जेवण मागवलं: बिनधास्त चालू द्या. तो गिऱ्हाईक आहे, त्याचं राहणं-शिकणं तिथे आहे, त्यामागे धावणं हा वेळेचा अपव्यय. प्राध्यापकांनी जीआयडीसीतल्या कारखान्यासाठी धातूची चाचणी केली आणि अहवाल संस्थेच्या मेलवरून पाठवला: चालतं, कारण ती कन्सल्टन्सी संस्थेच्या नियमाने झाली, पैसे संस्थेच्या खात्यात आले. तेच प्राध्यापक संध्याकाळी स्वतःचा क्लास त्याच सर्व्हरवरून चालवत असतील तर चालत नाही. कंपनीने प्रायोजित केलेलं संशोधन, ज्याचे निष्कर्ष प्रसिद्ध होणार आहेत: चालतं. निष्कर्ष कंपनीच्या कपाटात जाणार असतील तर त्या कामाचा नेटवर्कचा खर्च कराराच्या अंदाजपत्रकात वेगळा दाखवून घ्या. कँटीनवाल्याचं बिलिंग यंत्र: त्याला स्वतःचं डोंगल घ्यायला सांगा, वाद वाढवू नका.

इन्क्युबेटर, म्हणजे संस्थेतली नव्या कंपन्यांना आधार देणारी जागा, सगळ्यांत अवघड, कारण तिथे एकाच टेबलावर सकाळी शिक्षण आणि दुपारी धंदा चालतो. गुजरात सरकारनेच 2017 च्या विद्यार्थी स्टार्टअप धोरणाखाली पहिला नमुना बनवायला पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हा संस्थेने मुलांना कंपनी काढायला उत्तेजन देणं हे आता अधिकृत काम आहे. मी रेघ अशी आखते: नमुना बनेपर्यंत आणि पैसे न घेता चार दुकानांत तपासून बघेपर्यंत ते शिक्षण, संस्थेची लाइन वापरा. पहिली पावती फाडली की बाहेरची लाइन.

बाहेरची लाइन म्हणजे मुलांना कॅम्पसबाहेर काढायचं असं नाही. इन्क्युबेटरसाठी संस्थेने एका खासगी कंपनीची वेगळी व्यापारी जोडणी घ्यावी. खर्च फार नसतो, आणि तो तिथल्या कंपन्यांत वाटून घ्यावा. थोडी रक्कम का होईना, मुलांनी भरावीच. मग तुमच्या स्विचवर इन्क्युबेटरचं स्वतंत्र व्हीलॅन, म्हणजे त्याच तारांवरचं वेगळं नेटवर्क, करा आणि राउटरवर धोरण लिहा की या व्हीलॅनमधून निघालेली प्रत्येक गोष्ट खासगी लाइननेच बाहेर जाईल. मुख्य लाइन बंद पडली तरी याची वाहतूक एनकेएनवर उडी मारणार नाही, हे तपासा. बहुतेक ठिकाणी तेवढंच राहून जातं. बाहेरचे पत्तेही वेगळे, म्हणजे जर्नल्सच्या पट्ट्याला धक्का नाही. आतल्या आत, मुलांना ग्रंथालयात जाऊन विद्यार्थी म्हणून लेख वाचायचे असतील तर वाचू द्या, ते त्यांचे हक्काचे आहेत. अॅपचं नाव संस्थेच्या एसी-डॉट-इन पत्त्याखाली असेल तर तेही काढा. ती नावं अर्नेट फक्त शैक्षणिक संस्थांना देतं. मुलांनी अॅप बनवताना विद्यार्थी परवान्याची सॉफ्टवेअरं वापरली असतील, तर त्यांची यादीही आजच करून ठेवा. त्यांनाही हीच अट असते.

प्राचार्यांकडे एक विनंती जरूर करा. एनकेएनची जोडणी घेताना संस्थेने ज्या कागदांवर सही केली ते फायलीतून काढून घ्या आणि त्यावरून पानभर धोरण मराठी-गुजरातीत लिहून प्रत्येक प्रयोगशाळेत लावा. त्यात काय चालतं ते आधी लिहा, काय चालत नाही ते नंतर. आणि परवानगी कोणाकडे, किती दिवसांत मिळेल, तेही लिहा. ज्या संस्थेत विचारायला माणूस असतो तिथे लपवाछपवी कमी होते, हा माझा पक्का अनुभव आहे.

सर्व्हरचं म्हणाल तर घाईने तार ओढू नका. दुकानदारांचा काही दोष नाही, आणि सणाच्या तोंडावर ऑर्डर बुडाल्या तर मुलांवरचा त्यांचा विश्वास जाईल. प्राचार्यांकडून लेखी पंधरा दिवस मागून घ्या, ते देतील. आधी डीएनएसचा टीटीएल, म्हणजे अॅपच्या नावाचा जुना पत्ता इतर यंत्रं किती वेळ लक्षात ठेवतात ती मुदत, पाच मिनिटांवर आणा. क्लाउडवर नवा सर्व्हर उभा करून डेटाबेसची प्रत तिकडे चालू ठेवा. दुकानं बंद झाल्यावर, रात्री अकराच्या पुढे, नवीन ऑर्डर थांबवा, शेवटच्या नोंदी तिकडे गेल्या का ते मोजून बघा आणि मग नाव नव्या पत्त्याकडे वळवा. जुना सर्व्हर आठवडाभर तसाच ठेवा, फक्त बाहेरचं पोर्ट बंद करून. त्यानंतर गिऱ्हाइकांचा डेटा त्यावरून पुसून टाका, तशी नोंद प्रयोगशाळेच्या वहीत करा, आणि यंत्र पुढच्या वर्षीच्या मुलांच्या प्रकल्पाला द्या.